खाणारी तोंडं

"उकळतं तेल कुठून ओतायचे?" हा प्रश्न मला आठवड्यातून दहा वेळा तरी येतो, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. साउथहॅम्प्टनपासून गाडीने पाऊण तासावर एक मध्ययुगीन कॅसल आहे, तिथे मी गाईडचं काम करते. आठवड्यातून तीन दिवस, अंगात हिरवं फ्लीसचं जॅकेट, गळ्यात बॅज आणि पुढ्यात शाळेची पोरं नाहीतर टूरच्या बसमधून आलेले पेन्शनर. तेल कुणी ओतत नव्हतं हो! मुख्य दरवाज्याच्या छताला भोकं आहेत, ती खरी. तिथून दगड टाकायचे, तापलेली वाळू टाकायचे, आणि बरेचदा साधं पाणी, कारण खाली शत्रूने लाकडी दाराला आग लावलेली असायची. पण हे सांगितलं की लोकांचे चेहरे पडतात. त्यांना तेलच हवं असतं.

फक्त माझ्या आईला नको होतं. ती दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आमच्याकडे आली होती, तेव्हा मी तिला कॅसल दाखवायला नेलं. त्या भोकांकडे मान वर करून बघत ती म्हणाली, "तेल? एवढं तेल वाया कोण घालवेल? वेड लागलंय का लोकांना?" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. आईने पुण्यात मुलींच्या वसतिगृहाची मेस तीस वर्षं चालवली. दीडशे पोरींचा दोन वेळचा स्वयंपाक. तेलाचा डबा किती दिवस पुरतो हे तिला त्या डब्याकडे नुसतं बघून कळायचं.

तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. वडील जाऊन आठ वर्षं झालेली, आणि मी एकुलती एक. सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर ती आली. एअरपोर्टवर उजव्या हाताने ट्रॉली ढकलत बाहेर आली तेव्हा माझा नवरा, जो डॉक्टर आहे, तिच्या चालण्याकडे नुसता बघत राहिला. ती छोटी छोटी पावलं टाकत होती आणि तिचा डावा हात हलतच नव्हता. तिच्यासमोर तो काही बोलला नाही. कार पार्कमध्ये तिकिटाच्या मशीनपाशी मला हळूच म्हणाला, "हे नुसतं वय नाहीये." पुढे तपासण्या झाल्या आणि त्याला नाव मिळालं, पार्किन्सन्स. आईने ते नाव एकदाच ऐकून घेतलं आणि नंतर त्या आजाराला 'हाताचं ते' म्हणायला लागली.

कॅसलला गेलो तो दिवस ढगाळ होता. ऑगस्ट असून मी कोट घातला होता. तिच्यासाठी मी ऑफिसातून व्हीलचेअर काढून ठेवली होती, पण आईने त्या खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीला हात टेकत टेकत चालली. आपल्याकडच्या माणसाला किल्ला म्हटलं की डोंगर चढायची तयारी करावी लागते. इथला कॅसल सपाट शेतात, नदीच्या वळणावर बसलेला आहे. आणि मुळात हे कुणा एका लॉर्डचं राहतं घर. घर, कचेरी, कोर्ट, तुरुंग, धान्याचं कोठार, सगळं एकाच तटाच्या आत. लढाया काही रोज होत नव्हत्या, वर्षानुवर्षं व्हायच्या नाहीत. रोजचं काम म्हणजे आजूबाजूच्या गावांवर नजर ठेवायची, सारा गोळा करायचा, भांडणं मिटवायची. उंच तट शत्रूसाठी होता तेवढाच शेतात राबणाऱ्यांसाठीही होता, कुणाची सत्ता आहे ते त्यांना उठता-बसता दिसावं म्हणून. टूरमध्ये हे सांगितलं की पेन्शनर गंभीरपणे माना हलवतात आणि मग टॉयलेट कुठे आहे ते विचारतात.

आईला मी नेहमीच्या क्रमाने नेलं. आधी खंदक, त्यावर उचलता येणारा पूल, मग दोन बुरुजांच्या मधला बोळ. बोळाच्या दोन्ही तोंडांना वरून खाली सोडायचा, लोखंडी टोकांचा जाळीचा दरवाजा. शत्रू पहिल्या दरवाज्यातून आत घुसला की पुढचा खाली, मागचाही खाली, आणि मग छतातल्या भोकांतून आणि बाजूच्या भिंतींतल्या बारीक उभ्या फटींतून मारा सुरू. आपल्याकडे त्या फटींना जंग्या म्हणतात. आई त्या बोळात मध्येच थांबली. म्हणाली, "म्हणजे आत घ्यायचं आणि मग कोंडायचं. बाहेरच्या बाहेर नाही म्हणायला काय झालं यांना?"

"अगं आई, शत्रू आहे तो. नाही म्हटलं म्हणून जाणार आहे का?"

"तेही खरंच," ती म्हणाली, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही.

स्वयंपाकघरात मात्र ती खुलली. तिथे आता छप्पर नाही, नुसत्या चुली आणि काळवंडलेल्या भिंती आहेत. तिने चुलीचं तोंड हाताने मोजलं. विहीर बालेकिल्ल्याच्या आत का खणली ते तिला सांगावं लागलं नाही, माझ्याआधी तिनेच सांगितलं. मग एका दगडावर बसून तिने माझी परीक्षाच घेतली. वेढा पडला तर आत माणसं किती? गहू किती दिवसांचा? दळायची सोय आत का बाहेर? मीठ कुठून यायचं? मला निम्मी उत्तरं येत नव्हती. मी म्हटलं, आई, मी इथे चार वर्षं काम करतेय, हे मला कुणी विचारलेलं नाही. ती म्हणाली, "मग काय विचारतात? तेल?"

कॅसल चढाई करून क्वचितच पडायचा. पडायचा तो उपासमारीने. तट कितीही जाड असला तरी आतली माणसं जेवणारच. माझी टूर मी नेहमी याच मुद्द्यावर संपवते, खंदकाच्या काठावर उभी राहून. गोष्ट आमच्या कॅसलची नाही, फ्रान्समधल्या एका वेढ्याची आहे, पण आमच्या खंदकाशी ती चांगली रंगते. धान्य संपत आलं तेव्हा किल्लेदाराने आतली खाणारी तोंडं बाहेर काढली. म्हातारी माणसं, बायका, पोरं, ज्यांना धनुष्य धरता येत नाही ते सगळे. वेढा घालणाऱ्यांनी पहिल्या एक-दोन टोळ्या जाऊ दिल्या. नंतर मात्र जाऊ देईनात, कारण तीच तोंडं आत राहिली तर धान्य लवकर संपेल. माणसं परत वळली, तर किल्ल्याचा दरवाजा बंद. ती तट आणि शत्रूच्या मधल्या उतारावर अडकली. सबंध हिवाळा. गवत खाल्लं, कुत्री खाल्ली, आणि पुढचं मी शाळेच्या पोरांना सांगत नाही. ही गोष्ट मी फार छान सांगते. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा ते मला बरोब्बर माहीत आहे. आईसमोर तर मी जरा जास्तच रंगवून सांगितली. लेकीला असं बोलताना तिने कधी ऐकलंच नव्हतं ना!

आई बराच वेळ खाली खंदकातल्या गवताकडे बघत होती. मग म्हणाली, "मला नसतं काढलं हं. मेस चालवणारी बाई कोण बाहेर काढेल? तिची गरज पडते."

मी हसले. हसायलाच नको होतं.

ती परत गेली आणि डिसेंबरात बाथरूममध्ये पडली. सकाळी अकराला पडली ती चार वाजता समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी किल्लीने दार उघडेपर्यंत तशीच फरशीवर होती. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर एकटीने अंघोळ, साडी नेसणं, पायऱ्या, सगळंच अवघड झालं. सांभाळायला ठेवलेल्या ताई तीन महिने टिकायच्या आणि गावी निघून जायच्या. एक तर दुपारी दोनला भाजी आणायला म्हणून गेली ती आलीच नाही. मी इथे खंदकाच्या काठावर उभी राहून तोंडाने टूर देत असायचे आणि खिशातल्या फोनकडे माझं लक्ष असायचं.

शेवटी ठरलं की तिला इथे कायमची आणायची. 'ठरलं' म्हणायचं आपलं. ठरवणारे आम्ही कोण? लंडनमध्ये एजवेअरला एक सॉलिसिटर, म्हणजे वकील आहे, त्याने सगळा नियम समजावून सांगितला. वयस्कर आईवडिलांना आणायचं तर अर्ज तिकडूनच करायचा. रोजची साधी कामं स्वतःची स्वतःला करता येत नाहीत, आणि लागते तेवढी देखभाल तिथे मिळूच शकत नाही, हे दोन्ही सिद्ध करायचं. नुसतं म्हातारपण चालत नाही, एकटेपण तर मुळीच चालत नाही. तो म्हणाला, "खरं सांगू? हा व्हिसा फार थोड्यांना मिळतो." मी इकडे डायनिंग रूम मोजायला लागले. तिथे पलंग बसेल, खालच्या टॉयलेटला भिंतीत दांडा लावता येईल, माझं मोठं टेबल विकावं लागेल. माप घेऊन झालं तरी मी टेप हातात धरून तिथेच उभी होते. मुलगा शिकायला बाहेर गेल्यावर पंचवीस वर्षांत पहिल्यांदा हे घर माझ्या मनासारखं झालं होतं, हा विचार मनात आला आणि मी तो झटकून टाकला.

अर्जाबरोबर डॉक्टरचा रिपोर्ट लागत होता. पुण्यातली एक तरुण डॉक्टर आईच्या घरी जाऊन तिला तपासणार, प्रश्न विचारणार, ती काय करू शकते आणि काय नाही ते लिहिणार. सॉलिसिटरने बजावलं होतं की आईला पढवू नका, जे आहे तेच येऊ द्या. मी फोनवर आईला म्हटलं, "जसं आहे तसं सांग. काही लपवू नकोस." ती म्हणाली, "मी कशाला काय लपवू?"

आता मला सांगा, माझ्या आईच्या पिढीतल्या बाईला 'घरी डॉक्टरीणबाई येणार आहेत' असं सांगितलं तर ती काय करेल? हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही कळलं तर समजू शकते, मी तर तिच्या हाताखाली वाढले.

त्या दिवशी दुपारी मी स्टाफरूममध्ये सँडविच खात होते तेव्हा तिचा फोन आला. आवाज असा की जणू लग्नघरातून बोलतेय. "झालं गं! फार गोड मुलगी. मी तिला म्हटलं, आधी बसा, चहा घ्या, मग काय ते विचारा."

मी सँडविच खाली ठेवलं. "चहा कुणी केला?"

"मी केला! उपमा पण केला. ताईला आज सुट्टी दिली होती मी. म्हटलं, कुणाच्या मदतीने केलं असं वाटायला नको."

मग तिने सगळं सविस्तर सांगितलं. आठ दिवस ती तयारी करत होती. रोज सकाळी ओट्याला पोट टेकवून उभं राहायचं आणि चहा करायचा. कप अर्धेच भरायचे, म्हणजे हात हलला तरी सांडत नाही. ट्रेचा भार डाव्या हातावर द्यायचा नाही. गोळीची वेळ तिने पुढे-मागे केली, म्हणजे डॉक्टरीण येईल तेव्हा अंग मोकळं असेल. इस्त्रीची साडी समोरच्या बाईंकडून पहाटेच नेसवून घेतली होती, आणि विचारल्यावर "मीच नेसते" म्हणाली. अंघोळ? "माझी मी करते." जिना? "चढते की!" डॉक्टरीण निघताना म्हणाली होती, "आजी, तुम्ही तर एकदम ठणठणीत आहात." हे वाक्य आईने मला दोनदा ऐकवलं.

"आई, अगं कशासाठी केलंस हे?" माझा आवाज चढला. पलीकडे बसलेला तिकिटांवरचा माणूस माझ्याकडे बघायला लागला.

"कशासाठी म्हणजे?" ती गोंधळली. "तूच नाही का दाखवलंस तिथे? नुसतं खाणारं तोंड कुणाला हवंय? तुझ्या सरकारला कळू दे की ही बाई अंगावर पडणारी नाही. स्वतःचं करून चार माणसांचं करेल. मग कोण नाही म्हणेल?"

मी 'नंतर बोलू' म्हणून फोन ठेवला. जेवणाची सुट्टी संपली होती, बाहेर पोरांचा एक वर्ग येऊन उभा होता. मी गेले आणि त्यांना उकळत्या तेलाबद्दल सांगितलं. हो, ओतायचे म्हटलं. हवं तेवढं ओतायचे.

रिपोर्ट आला तो चार पानी होता आणि त्यात एक शब्द खोटा नव्हता. रुग्णाने स्वतः चहा व नाश्ता बनवून दिला. रुग्ण स्वच्छ व नीटनेटक्या. रुग्णाच्या सांगण्यानुसार दैनंदिन व्यवहारात मदतीची गरज नाही. पडल्याची, गोळ्यांची, थरथरीची नोंद होती, पण त्या चहापुढे त्या नोंदीला कोण विचारतो? सॉलिसिटर म्हणाला, आता अर्ज मागे घेऊ शकतो नाहीतर पाठवून बघू शकतो. आम्ही पाठवला. पाच महिन्यांनी नकार आला. पत्रात आईची वाक्यं जशीच्या तशी होती, फक्त इंग्रजीत. 'मी स्वतः नेसते.' 'मी चढते.' ते पत्र मी किचनमध्ये उभ्यानेच वाचलं. मला त्या पत्र लिहिणाऱ्याचा राग येईना. मला माझाच राग आला, माझ्या त्या रंगवून सांगण्याचा, त्या थांबण्याच्या जागांचा. कुणी सांगितलं होतं म्हाताऱ्या बाईला खंदकाच्या काठावर नेऊन ते ऐकवायला?

आईला नुसतं 'नाही आलं' एवढंच सांगितलं.  ती म्हणाली, "माझं काय कमी पडलं गं?" जरा थांबून पुन्हा, "उपम्यात मीठ जास्त झालं होतं का?" ती चेष्टा करत होती का खरंच विचारत होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

नवरा म्हणाला, पुन्हा अर्ज करू. सॉलिसिटरही हो म्हणाला, नवीन तपासणी, नवीन रिपोर्ट, आणि या वेळी आईला सगळं नीट समजावून सांगा. गेल्या महिन्यात एका शनिवारी, दुपारी, मी बाहेर बागेत जाऊन तिला फोन लावला. काय बोलायचं ते मी कागदावर लिहून घेतलं होतं.

"आई, या वेळी डॉक्टर येतील तेव्हा तू उठायचं नाहीस. ताईला घरीच ठेवायचं, तिलाच दार उघडू दे. चहा नाही, काही नाही. विचारलं की सांगायचं, मला एकटीला अंघोळ करता येत नाही. साडी नेसता येत नाही. टॉयलेटला जायला माणूस लागतो."

"खोटं सांगू?"

"खोटं कुठे आहे? खरंच आहे ना हे सगळं?"

"खरं आहे म्हणूनच नाही सांगायचं," ती म्हणाली.

मी तिला नियम समजावला. पुन्हा समजावला. इथे धडधाकट माणसाला नाही म्हणतात आणि काहीच करता न येणाऱ्याला कदाचित हो म्हणतात. तिने सगळं ऐकून घेतलं, मेसवर एखादी पोरगी उशिरा येण्याचं कारण सांगायची तेव्हा ऐकायची तसं, मध्ये न बोलता.

"म्हणजे मी कशाच्याच उपयोगाची उरले नाही, असं परक्या पोरीला सांगायचं, आणि तिने ते कागदावर लिहायचं. मग घेतील."

"हो. बहुतेक."

"मग राहू दे, बाई. मी येत नाही."

आता मी तिची विनवणी करायची होती. कागदावर पुढे सगळं लिहिलेलं होतं, माझ्यासाठी कर, नातवासाठी कर, मला इथे झोप लागत नाही. यातलं काही खोटं नव्हतं. पण त्याआधी जे झालं ते मी लिहिलंच पाहिजे. मला हायसं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. तिची अंघोळ, तिचं उठवणं-बसवणं, ती डायनिंग रूम, पुढची किती वर्षं कोण जाणे, सगळं एकदम डोक्यावरून उतरलं आणि माझा श्वास सुटला. मोठ्याने सुटला.

"ऐकू आलं हं मला," आई म्हणाली.

मी हातातला कागद दुमडला.

"असू दे." तिच्या आवाजात राग नव्हता. "तुझ्या आजीला मामाकडे कायमची सोडून मी एसटीत बसले ना, तेव्हा माझंही असंच झालं होतं. ती दारात उभी होती. एसटी वळेपर्यंत रडले, आणि वळल्यावर असाच श्वास सोडला. कुणाला सांगितलं नाही मी कधी."

मी फोन कानाला धरून तशीच बागेत उभी राहिले. ती थांबली होती, मी काही बोलेन म्हणून. मला एकदाही 'नाही गं आई, तसं नाहीये' असं म्हणता आलं नाही.